एक्केचाळीस तास

४ जून

ति. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहून किती महिने झाले ते मोजत नाही, मोजले तर लाज वाटेल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, असं आत्याबाई म्हणतात. ते खरंच आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी अजून नकाशा कार्यालयातच आहे. दुसऱ्यांनी विमानातून काढलेले फोटो कडेला कड लावून टेबलावर मांडायचे, सांधे जुळवायचे, जुळत नाहीत तिथे खूण करायची. काम वाईट नाही. पंखा लावला की फोटो उडतात, म्हणून उन्हाळाभर पंखा बंद ठेवून घाम पुसत बसतो. तेवढीच तक्रार.

आता कामाचं. माझ्या वैमानिकाच्या परवान्याबद्दल लिहितोय. ही ऑगस्टात गेली आणि पुढच्याच महिन्यात, तीस सप्टेंबरला, परवान्याची मुदत संपली. तेव्हा मी नूतनीकरणाचा अर्ज केला नाही. नंतरही केला नाही. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मग विचारायचं सोडलंत, ते बरं केलंत. येत्या तीस सप्टेंबरला त्याला पाच वर्षं होतील. मधल्या काळात नियम बदलले. जुना परवाना आता नुसता पुढे चालू करून मिळत नाही, नव्या प्रकारच्या परवान्यात बदलून घ्यावा लागतो, आणि तोही बंद पडून पाच वर्षं व्हायच्या आत. त्यानंतर पहिल्या धड्यापासून शिकायचं. या वयात ते माझ्याच्याने होणार नाही, म्हणजे तीस सप्टेंबरनंतर उडणं कायमचं संपलं.

हे आत्ताच का काढलं, तर वनखात्याला जंगलातल्या आगीवर नजर ठेवायला वैमानिक हवा आहे. छोटं विमान, एकट्याने फेऱ्या मारायच्या, धूर दिसला की कळवायचं. त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो. दादा, पाच वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलंय. हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

मेडिकल झालं. डोळे, कान, रक्तदाब, सगळं पास. नव्या नियमांचा पेपर जुलैत आहे. उरला एक कागद. परवाना बंद पडण्याआधीच्या दोन वर्षांत मुख्य वैमानिक म्हणून किमान शंभर तास झालेले हवेत, आणि ते धावपट्टीवरच्या रजिस्टरशी ताडून त्या काळच्या मुख्य प्रशिक्षकाने सही करून द्यायचे. म्हणजे तुम्ही. माझ्या लॉगबुकात एकशे सव्वीस तास भरतात. वही वेगळ्या पाकिटातून पाठवतोय, सवडीने पाहावी.

आत्याबाईंना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? मी पत्र लिहो न लिहो, तुमची माया कमी होऊ देऊ नये.

आपला,
जावई


१३ जून

चि. जावईबापू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आलं, वहीही आली. आत्याने पाकीट दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली की जावयाचं पत्र म्हणजे टपालवाल्याने पत्ता चुकवलेला असणार. मग तुझं अक्षर ओळखून डोळ्याला पदर लावला. तिचं असंच आहे.

तुला हवंसं वाटतंय हे वाचून मी चष्मा काढून थोडा वेळ अंगणात जाऊन आलो. जास्त लिहीत नाही. वनखात्याचं काम तुला शोभेल. दिवसभर एक अक्षर न बोलता बसायचं आणि धूर दिसला तरच तोंड उघडायचं, याहून तुझ्यासारख्या घुम्याला दुसरं काय हवं.

नियमात 'त्या काळचा मुख्य प्रशिक्षक' म्हटलंय. हा प्राणी हयात आहे का, याची मी सकाळी आरशात खात्री करून घेतली. शहात्तर पूर्ण, दात मोजके, पण सहीचा हात शाबूत आहे. मात्र एक सांगून ठेवतो. तू आधी माझा विद्यार्थी आणि मग जावई. सासरा म्हणून सही मिळणार नाही. तुम्हा दोघांचं हवाई फोटो काढायचं सर्व्हेचं विमान आमच्याच धावपट्टीवरून उडायचं, त्यामुळे सगळं रजिस्टरात आहे: डाव्या सीटवर, म्हणजे चालवायला, कोण, मागे कॅमेऱ्यावर कोण, किती वाजता गेले, किती वाजता आले. आमच्या कारकुनाचं अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण माणूस चुकणारा नव्हता. ओळ न् ओळ ताडून पाहीन आणि मगच सही करीन. आजवर न पाहता कधी केलेली नाही.

वही उघडली तर सगळीकडे माझ्या लेकीचं, बेबीचं अक्षर. दोघांच्या वह्या तीच भरायची हे मला ठाऊक होतं. तू महिनाअखेरीला नुसती सही ठोकायचास. आळशीपणा दुसरं काय. पानं उलटायला वेळ लागतोय, तो अक्षरामुळे. कामामुळे नाही.

पेपरचा अभ्यास कर. नवे नियम जुन्यासारखेच असतात, फक्त आकडे बदलतात आणि आपण नेमके जुने आकडे लिहून येतो.

आत्या सांगते की गुडघा जागच्या जागी आहे, त्याची चौकशी करण्यापेक्षा येऊन पाहा. आमचा जीव तुझ्यावर आहे हे तुला माहीत आहेच, तरी लिहून कळवतो.

दादा


२ जुलै

चि. जावईबापू,
अ. उ. आ.

वही ताडून झाली. एक्केचाळीस तास जुळत नाहीत.

शेवटच्या हंगामातले आहेत, ऑक्टोबर ते मे. सतरा उड्डाणं. तुझ्या वहीत मुख्य वैमानिक म्हणून तुझं नाव आहे. रजिस्टरात डाव्या सीटवर बेबी आणि कॅमेऱ्यावर तू. बाकी सगळं मिनिटाबरहुकूम जुळतं, जायची वेळ, यायची वेळ, सगळं. हे तास वजा केले तर तुझे पंच्याऐंशी उरतात. शंभराला पंधरा कमी.

कारकून चुकला म्हणावं, तर माणूस एकदा चुकतो, सतरा वेळा तीच चूक करत नाही. बेबी चुकली म्हणावं, तर ती कधी चुकायची नाही.

तू नीट आठवून मला कळव की त्या दिवसांत विमान कोण चालवत होतं. मला जे लिहायचं आहे ते तुझं उत्तर आल्यावर लिहीन. आत्याला यातलं काही सांगितलेलं नाही.

तब्येतीला जप. माझ्यावर राग धरू नकोस, एवढंच आज मागतो.

दादा


१० जुलै

ति. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. राग कशाचा धरायचा ते समजलं नाही. तुम्ही ओळ न् ओळ पाहणार हे मला माहीतच होतं.

आठवणीवर विसंबलो नाही. आमच्या कार्यालयात जुन्या फिल्मची कोठी आहे, तिथे जाऊन पाहिलं. प्रत्येक रिळाच्या डब्यावर तारीख असते आणि कॅमेऱ्यावरच्या माणसाचा क्रमांक. माझा सात होता, हिचा आठ. तुम्ही दिलेल्या सतराही तारखांचे डबे सापडले. सतराही डब्यांवर सात आहे, माझ्याच हाताने लिहिलेला. म्हणजे मी कॅमेऱ्यावर होतो. रजिस्टर बरोबर आहे, वही चूक आहे.

मग आठवलं. आम्ही आलटूनपालटून करायचो, एक दिवस मी उडवायचो आणि ही कॅमेऱ्यावर, दुसऱ्या दिवशी उलट. त्या ऑक्टोबरात ही म्हणाली की विमानाच्या तळाला कॅमेऱ्यासाठी असलेल्या झडपेवर पोटावर पडून राहिलं की तिची पाठ धरते, तेव्हा काही दिवस कॅमेरा मी घ्यावा. मी घेतला. ते काही दिवस मे महिन्यापर्यंत चालले. म्हातारी झालीस म्हणून मी तिला चिडवलंही होतं. ती म्हणाली होती की म्हातारी व्हायला तिची काही हरकत नाही.

डबे काढले होते तर फोटोही काढले. जेवणाच्या सुट्टीत लांब टेबलावर मांडले. दादा, तुम्ही पाहायला हवे होते. पट्टे पट्टीने आखल्यासारखे आहेत. एका पट्ट्याचा दुसऱ्यावर येणारा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा. वारा होता त्या दिवशीसुद्धा. चांगली उडवायची ती आधीपासूनच, पण इतकं सरळ तिनेही पूर्वी कधी उडवलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस येऊन विचारून गेला की हे कुणाचं काम. मी सांगितलं, आमच्या घरातल्यांचं.

आता मला कळत नाही ते एवढंच. हिने ते तास माझ्या वहीत का लिहिले? मी न वाचता सही करायचो ही माझी चूक. पण ती विचार केल्याशिवाय एक आकडा लिहिणारी नव्हती. तिचं मेडिकल तर जूनमध्ये नापास झालं, त्याआधी सगळं ठीक होतं. तुम्हाला काही माहीत असेल तर लिहावं. तुम्ही पत्रात तसं म्हटलंय.

पेपर बरा गेला. दोन ठिकाणी जुने आकडे लिहिले.

आपली कृपा आहे तशी असावी.

जावई


१९ जुलै

चि. जावईबापू,
अ. उ. आ.

हे पत्र चारदा लिहून टाकून दिलं. हे पाचवं, जसं होईल तसं पाठवतो.

मेडिकल जूनमध्ये नापास झालं. पण बेबीला ऑक्टोबरपासून माहीत होतं, आणि मलाही.

चार ऑक्टोबरला ती धावपट्टीवरच्या माझ्या खोलीत आली. जिना चढताना दम लागायचा म्हणून ती परस्पर बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. हृदयाचा स्नायू कमजोर होत चाललाय, त्याला इलाज नाही, औषधाने थोडे दिवस लांबतील, आणि कधीही चक्कर येऊन पडू शकते, असं त्याने सांगितलं होतं. दुसऱ्या एका डॉक्टरनेही तेच सांगितलं. तिचा मेडिकलचा कागद मे अखेरपर्यंत चालू होता. पण नियम तुला माहीत आहे. आपल्याला काही झालंय हे कळलं की वैमानिकाने त्याच दिवशी थांबायचं, कागद चालू असो वा नसो. आणि प्रशिक्षकाला कळलं तर त्याने थांबवायचं. मला कळलं होतं. मी थांबवलं नाही.

तिने माझ्याकडे मे अखेरपर्यंतची मुदत मागितली. लहानपणी खेळायला अजून थोडा वेळ मागायची तशी मागितली. मी म्हणालो की नवरा बरोबर असेल तरच. बरोबर म्हणजे शेजारच्या सीटवर, कंट्रोलला हात पोचेल असा, हे माझ्या मनात होतं. पहिल्याच उड्डाणानंतर रजिस्टर पाहिलं तर तू कॅमेऱ्यावर. म्हणजे मागे, जमिनीवर पालथा. तिला काही झालं असतं तर तुला उठून पुढे पोचायला किती वेळ लागला असता, ते मी खोलीत बसून मोजलं. बारा सेकंद धरले. मोजूनही गप्प बसलो. सतरा वेळा गप्प बसलो. तुम्ही उतरेपर्यंत मी धावपट्टीच्या कडेने येरझारा घालायचो. तू तिला म्हणाला होतास की दादांनी या वयात व्यायाम चांगला सुरू केलाय.

तुझा जीव मी तुला न विचारता पणाला लावला. यावर माझ्याकडे सारवासारव नाही.

तास तुझ्या वहीत का लिहिले, ते तिने मला सांगितलं नाही. तिची वही माझ्याकडे आहे, ती काढून पाहिली. तीन ऑक्टोबरला संपते. खाली रेघ ओढलेली आहे. मला वाटतं, ज्या तासावर आपला हक्क नाही तो स्वतःच्या वहीत लिहायला तिचा हात धजला नसावा. आणि उडालेला तास कुठेच न लिहिणं तिला जमणारं नव्हतं. लहानपणापासून तिला हे मीच शिकवलं.

आता तुझ्या कामाचं. कायद्याने पाहिलं तर त्या विमानात तब्येत आणि परवाना दोन्ही धड असलेला माणूस तू एकटाच होतास. म्हणजे मुख्य वैमानिक तूच, मग हात कुणाचेही असोत. मी तसं खात्याला लिहून दिलं तर ते मानतील. पण का, ते लिहावं लागेल. बेबी कधीपासून आजारी होती आणि मला कधीपासून माहीत होतं, सगळं. मी लिहून देईन. माझ्यावर काय करायचं ते करोत. रविवारी धावपट्टीवर नव्या पोरांना दोन गोष्टी सांगायला बोलावतात, ते बंद होईल. होऊ दे.

तू सांगशील तसं करतो.

दादा


१८ ऑगस्ट

चि. जावईबापूंना,
आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

महिना होऊन गेला, तुमची चार ओळींची चिठ्ठी नाही. दादा रोज टपालाच्या वेळेला फाटकापाशी उभा राहतो आणि मला सांगतो की कुंपण बघतोय. कुंपणाला काय पाय फुटलेत? टपालवाला बिचारा आता आमच्या घरावरून मान खाली घालून जातो.

मला त्याने सगळं सांगितलं, गेल्या आठवड्यात, बेबीला जाऊन पाच वर्षं झाली त्या दिवशी. आधी मी त्याला फाडफाड बोलले. बहीण असून मला पाच वर्षं कळू दिलं नाही, आणि तुमच्यासारख्या भल्या माणसाला मरणाच्या तोंडी दिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, कान नीट ऐकत नसले तरी. मग म्हणाला की जावयानेही असंच बोलायला हवं होतं, तो गप्प बसलाय हेच सहन होत नाही.

जेवण नावापुरतं चाललंय. पाव दुधात बुडवतो आणि तसाच ठेवून देतो. दाढीही दोन दोन दिवस करत नाही, जो माणूस ताप असला तरी दाढी करून झोपायचा.

सोबतचा कागद त्याने तुमची वाट न बघता लिहून ठेवला होता. खात्याच्या नावाने आहे, सही आहे, तारीख आहे. तुम्हाला पाठवायला धीर होत नव्हता, म्हणून मी त्याच्या टेबलावरून उचलून पाठवतेय. त्याला सांगितलंय, ओरडला नाही. तुमच्या परवान्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते ना? वापरायचा तर वापरा, नाही तर चुलीत घाला. पण आमच्या म्हाताऱ्याला काहीतरी लिहा. शिव्या लिहा, पण लिहा.

तुम्ही मुळात कमी बोलणारे, हे मला कळतं. पण न बोलणाऱ्या माणसाचं न बोलणं सगळ्यात जास्त लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते.

माझ्या गुडघ्याची चौकशी करत जा, बरं वाटतं.

तुमची आत्या


२५ ऑगस्ट

ति. दादा,
नमस्कार.

आत्याबाईंचं पत्र आणि तुमचा कागद मिळाला. महिनाभर लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. अजूनही नीट कळलेलं नाही.

बारा सेकंदांबद्दल मला राग नाही. तुम्हाला वाटत असेल की तेच असेल, म्हणून आधी लिहितो. मी तिच्यामागे पालथा पडून फोटो काढत होतो आणि मजेत होतो. मेलो असतो तरी मला कळलं नसतं.

राग दुसऱ्याचा आहे. ऑक्टोबर ते मे आठ महिने होतात. त्या आठ महिन्यांत मी तिच्याशी काय बोललो ते रोज आठवून पाहतो. भिंतीला रंग कोणता द्यायचा यावरून आमचं भांडण झालं आणि दोन दिवस अबोला होता. डिसेंबरात मी दहा दिवस प्रशिक्षणाला गेलो, जायलाच हवं असं नव्हतं. ती जाऊ नको म्हणाली नाही. मला माहीत असतं तर मी ते दोन दिवस बोललो असतो आणि ते दहा दिवस घरी राहिलो असतो. जूनमध्ये तिने सांगितलं तेव्हा माझ्या हातात दोन महिने उरले होते, त्यातले तीन आठवडे दवाखान्यात गेले.

तुम्हाला तिने सांगितलं. मला नाही सांगितलं. आणि तुम्हीही मला सांगितलं नाहीत, ना तेव्हा, ना नंतरच्या पाच वर्षांत. दर वर्षी मी तुमच्याकडे येऊन बसायचो, आपण चहा प्यायचो, तुम्ही मला विमानांच्या गोष्टी सांगायचात.

कागदाचं काय करायचं ते ठरवलेलं नाही.

जावई


३ सप्टेंबर

चि. बाळ,
आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. प्रत्येक ओळ खरी आहे.

मी तिला तेव्हा विचारलं होतं की नवऱ्याला का सांगत नाहीस. ती म्हणाली की तो थांबवेल. मी म्हणालो की मीही थांबवू शकतो. ती म्हणाली की दादा, तुम्ही ओरडाल आणि मग हो म्हणाल, तो ओरडणार नाही आणि विमानाची किल्ली लपवेल. पुढे असंही म्हणाली की त्याला कळलं की त्याच दिवसापासून तो माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहतात तसं पाहायला लागेल, आणि तसं पाहणारी माणसं पुढे पुष्कळ मिळणारच आहेत. अबोल्याच्या त्या दोन दिवसांनंतर ती माझ्याकडे आली होती. रंगाची सगळी हकिगत तिने मला हसत हसत सांगितली. भांडणावर खूश होती. हे मी तुला समजूत घालायला लिहीत नाही. जे पाहिलं ते लिहितो.

नंतरच्या पाच वर्षांचं मात्र माझं एकट्याचं आहे. तिने मला शपथ वगैरे घातली नव्हती. आधी वाटलं, तू सावरलास की सांगू. मग वाटलं, सावरलाय तर कशाला सांगू. मग सांगायची वेळ निघून गेली, आणि तू चहा प्यायला यायचास तेवढंही जाईल अशी भीती वाटायला लागली.

तो कागद वापर. माझ्याकडे बघू नकोस. ते आठ महिने आणि हे उडणं, अशा दोन गोष्टींना मी तुला मुकवलं, त्यातली एक तरी परत देता येत असेल तर घे.

तुला वाटलं तर लिही, नाही वाटलं तरी मी वाट पाहीन.

दादा


२२ सप्टेंबर

ति. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल परवाना खात्यात जाऊन आलो. काय झालं ते क्रमाने लिहितो.

दुसऱ्या मजल्यावर शेवटची खोली. एका बाईंकडे हे काम आहे, पन्नाशीच्या असतील, सर्दी झाली होती. त्यांच्यासमोर माझी वही आणि तुमच्या धावपट्टीवरून मागवलेल्या रजिस्टरच्या नकला होत्या. त्यांनी एक्केचाळीस तासांवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या. मला म्हणाल्या की हे जुळत नाही, पण त्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिलं आहे, डाव्या सीटवर दुसरी व्यक्ती असली तरी विमानाची जबाबदारी माझ्यावर होती असं मुख्य प्रशिक्षकाने लिहून दिलं तर हे तास माझ्या नावावर धरता येतात. तसा काही कागद आहे का, असं विचारलं. कागद माझ्या फाइलमध्ये होता.

मी म्हणालो की तास त्या व्यक्तीचे आहेत. विमान ती चालवत होती, मी फोटो काढत होतो, आणि जबाबदारी माझ्यावर आहे हे मला माहीतही नव्हतं. वही भरताना नाव चुकीचं लिहिलं गेलं आणि मी न वाचता सही केली.

बाईंनी नाक पुसलं आणि मला समजावलं. मी असं म्हटलं तर पंच्याऐंशीच तास राहतात, परवाना बदलून मिळणार नाही, आणि तीस तारखेनंतर जुना परवाना नुसता कागद उरेल. मग म्हणाल्या की त्यांना चहा घ्यायचा आहे, तोवर मी बाहेर बसून नीट आठवून पाहावं, पुष्कळदा माणसाला घाईत आठवत नाही. भल्या बाई होत्या. मी बाकावर जाऊन बसलो. शेजारी डोळे तपासून घ्यायला आलेली मुलं भिंतीवरची अक्षरं आधीच पाठ करत होती. मी आठवून पाहिलं. वनखात्याचं विमान आठवलं, एकदा जाऊन त्यात बसून आलो होतो. तेही आठवलं. मग आत जाऊन तेच सांगितलं.

त्यांनी सतराही नोंदींवर रेघ मारली आणि प्रत्येक रेघेपुढे माझी सही घेतली. या वेळी प्रत्येक ओळ वाचून सही केली. मग मी विचारलं की हे तास जिचे आहेत तिच्या वहीत चढवता येतील का. त्यांनी विचारलं की त्या व्यक्तीचा परवाना चालू आहे का. मी सांगितलं की ती आता नाही. त्यांनी वही मिटून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या की त्याला खात्याची हरकत असायचं कारण नाही, खात्याचा त्याच्याशी संबंधच उरत नाही.

वनखात्याला कळवलं. त्यांनी दुसऱ्या माणसाला घेतलं आहे. आज कार्यालयात आलो, फोटो मांडले. फार वाईट वाटतंय, दादा. मला वाटलं होतं की तासांचं खरं सांगितल्यावर हलकं वाटेल, तसं काही झालं नाही. मला खरंच उडायचं होतं.

तुमचा कागद मी दिला नाही, म्हणजे तुमच्यावर उपकार केले असं समजू नका. तो दिला असता तर मला लिहून द्यावं लागलं असतं की त्या सतरा दिवशी ती विमानात असून नसल्यासारखी होती. ते माझ्याच्याने झालं नाही. फाडलेलाही नाही. त्यात तारखेनिशी लिहिलेलं आहे की तुम्हाला कधी कळलं आणि तुम्ही काय केलंत. तेवढं तरी मला आता माहीत आहे, म्हणून जपून ठेवलाय.

मला कळलं असतं तर मी थांबवलं असतं, हे तिचं बरोबर होतं. किल्ली लपवली असती हेही बरोबर. तुम्ही केलंत ते बरोबर की चूक, ते ठरवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पुढेही जमेलसं वाटत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. तिची वही काढून ठेवा. सतरा नोंदी आहेत, तारखा आणि वेळा तुम्ही वाचून दाखवा, मी लिहीन. तीन ऑक्टोबरच्या रेघेखाली जागा आहे का, तेवढं पाहून ठेवा, नसेल तर मी कागद जोडून घेईन.

आणि ते झालं की मला चार ऑक्टोबरचं सांगा. ती खोलीत आली तेव्हापासून. दार वाजवून आली की तशीच आली, कुठे बसली, आधी काय बोलली, रडली का, तुम्ही तिला पाणी दिलंत का. तुम्हाला आठवेल तेवढं सगळं. पत्रात लिहू नका. माझ्यासमोर बसून सांगा. मी मध्ये बोलणार नाही.

आत्याबाईंच्या गुडघ्याची चौकशी समक्ष करीन. तुमची माया मला लागते, ती राहू द्यावी.

तुमचा,
जावई